बिनबर्फाचा बडा दिन

भर वैशाखात, पंख्याचा वारादेखील अंगाला भाजतो अशा दिवसांत, नाताळावर बोलावयाचे म्हणजे श्रोत्यांस थट्टा वाटण्याचा संभव आहे. परंतु आमचा विषयच मुळी ऊन आणि नाताळ यांच्या संबंधाचा आहे, तेव्हा वेळ अगदीच चुकली असे नाही. आमच्या चिखला-तुमसर भागात हिंदीच्या शेजारामुळे नाताळास 'बडा दिन' म्हणण्याची जुनी सवय आहे. पंचांग उघडून पाहावे, तर २५ डिसेंबर हा वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांपैकी एक. मग हा दिवस बडा कसा? कोणी सांगतात, साहेबाचा मोठा सण म्हणून बडा. कोणी सांगतात, त्या सुमारास सूर्य उत्तरेकडे वळतो आणि दिवस वाढू लागतो म्हणून बडा. दोन्ही खुलाशांत थोडेथोडे तथ्य असावे. पण नावाप्रमाणेच या सणाचे चित्रही आमच्या डोक्यात उसनेच बसलेले आहे. पांढरे बर्फ, लाल लोकरी डगला घातलेला म्हातारा, हरणांनी ओढलेली घसरगाडी, आणि घरात धगधगणारी शेगडी. एकदा हे चित्र पक्के झाले की पुढची समजूत आपोआप येते. ती अशी, की हा सण परक्या हवेचा, म्हणून परक्या लोकांचा. ही समजूत चुकीची आहे. ती का चुकीची, हे आम्ही तांदूळ, नारळ, मसाला, ऊस आणि पगारी सुटी यांच्या हिशेबाने सांगणार आहोत.

प्रथम त्या बर्फाचा उगम पाहू. येशूच्या जन्माची हकीकत बायबलात मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आहे. तीत बर्फाचा उल्लेख नाही. इतकेच काय, महिनाही नाही, तारीखही नाही. रात्री रानात कळप राखणारे मेंढपाळ तेवढे आहेत. बेथलेहेम हे डोंगरावरचे गाव. तेथे डिसेंबरात गारठा असतो, पाऊस पडतो, एखाद्या वर्षी बर्फही भुरभुरते. पण विलायती चित्रातले बर्फ ते नव्हे. २५ डिसेंबर ही तारीख रोम शहरात इसवी सन ३३६ च्या सुमारास पाळली जात होती असे जुन्या नोंदीवरून दिसते. सजविलेले सूचिपर्णी झाड जर्मनांचे. ते इंग्लंडच्या घराघरांत गेले, त्याला १८४८ साली एका सचित्र साप्ताहिकात छापलेले राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे चित्र पुष्कळसे कारण झाले. चार्ल्स डिकन्सची नाताळावरची प्रसिद्ध कथा १८४३ ची. म्हणजे बर्फाळ नाताळाचे जे चित्र आम्ही सनातन समजतो, ते बव्हंशी आमच्या गिरण्यांच्या धुराड्यांहून फार जुने नाही. पुढे अमेरिकेने त्यावर कळस चढविला. 'व्हाइट ख्रिसमस' हे गाणे १९४२ साली बिंग क्रॉस्बीच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाले आणि जगभर गेले. गंमत अशी की त्या गाण्याच्या मूळ आरंभी, सहसा गाळल्या जाणाऱ्या कडव्यात, गाणारा कॅलिफोर्नियाच्या उन्हात बसलेला आहे. उन्हात बसून बर्फाची आठवण काढणे, एवढेच ते आहे. मुंबईच्या दुकानांच्या काचेआड झाडावर जे बर्फ पसरलेले दिसते ते तर बहुधा कापसाचेच असते. त्यातला थोडाफार कापूस आमच्या विदर्भाच्या काळ्या मातीतला असला तर नवल नाही.

आता मराठी बोलणाऱ्यांचा नाताळ जेथे खरोखर पिढ्यान्‌पिढ्या साजरा होतो त्या साष्टीकडे वळू. मुंबईच्या उत्तरेस, ठाण्याच्या खाडीने आणि वसईच्या खाडीने मुख्य भूमीपासून तोडलेले हे बेट. वांद्रे, कुर्ले, मरोळ, मालाड, गोराई, उत्तन ही गावे त्यावरचीच. पलीकडची वसई-सोपाऱ्याची पट्टीही जुन्या काळी खाडीने वेगळी पडलेली होती. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगिजांस दिला. त्यांच्या अमलात येथील शेतकरी, कोळी, कारागीर यांच्यापैकी पुष्कळजण ख्रिस्ती झाले. त्यात जुलूमही होता, लोभही होता, श्रद्धाही होती. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई सर केली, १७७४ साली इंग्रजांनी साष्टी घेतली. राज्ये गेली-आली, शेते कसणारी माणसे तेथेच राहिली. घरात बोली मराठीचीच, लुगडे नेसण्याची रीत इकडचीच. 'ईस्ट इंडियन' हे साहेबी नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या जुबिलीच्या वर्षी, संस्था काढून धारण केले. नोकरीसाठी गोवा-मंगळूरकडून आलेल्या ख्रिस्त्यांहून आपण निराळे, येथलेच, हे सरकारदरबारी दाखविण्याचा तो खटाटोप होता. 'येथलेच' हे सांगण्यासाठी इंग्रजी नाव घ्यावे लागले, हा त्या काळाचा न्याय! 'नाताळ' हा शब्द मात्र पोर्तुगीज 'नाताल' यावरून आला आणि इतका मराठी झाला की हिंदू, मुसलमान, पारशी सर्वांच्या तोंडी तोच. मुळात लॅटिनमध्ये त्याचा अर्थ जन्मासंबंधीचा एवढाच. आफ्रिकेच्या किनाऱ्याला वास्को द गामाने १४९७ च्या नाताळात हेच नाव दिले. पुढे १८९३ साली गांधीजी जेथे बोटीतून उतरले तो नाताळ प्रांत हाच. तेथेही डिसेंबर म्हणजे उन्हाळाच.

साष्टीच्या नाताळात थंडी किती? दुपारी पारा तीस अंशांच्या पुढे, रात्री सतरा-अठरापर्यंत खाली. आमच्या चिखल्यास त्याच दिवसांत पहाटेच्या पाळीला जाणारा मजूर कानाला मफलर गुंडाळून शेकोटीपाशी दोन मिनिटे थांबल्याशिवाय पुढे जात नाही. थंडीवरच नाताळ ठरावयाचा असेल तर मुंबईपेक्षा भंडारा जिल्ह्याचा हक्क अधिक म्हणावा लागेल! साष्टी-वसईत मध्यरात्रीची प्रार्थना पुष्कळ ठिकाणी चर्चच्या आवारात, उघड्या आकाशाखाली खुर्च्या मांडून होते. विलायतेत हे कोणी करू धजणार नाही.

पण खरी गोष्ट हवेची नसून पिकाची आहे, आणि धानाच्या मुलखात राहणाऱ्या आम्हांस ती चटकन उमगावी. दिवाळीनंतर धान कापून झाले की आमच्या गावोगाव मंडई भरते, दंडार होते. हाती थोडे धान्य, अंगाला थोडी फुरसत, म्हणून सण. साष्टीचेही गणित हेच. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तेथे 'आगेरा' होतो. भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात. पुढे भात घरात येते, आणि डिसेंबर उजाडतो तो भरल्या कणगीवर. बर्फाच्या देशात डिसेंबरात शेत गोठलेले. म्हणून तेथला नाताळचा पदार्थ सुक्या मेव्याचा, महिनाभर आधी करून मुरत ठेवलेला. आमच्या बेटांवर डिसेंबरात नारळ ताजा, तांदूळ नवा, गूळ नवा. तेव्हा पदार्थही त्यांचेच.

त्यांची नावे घेतली तर श्रोत्यांस ओळखीची माणसे भेटल्यासारखे वाटेल. न्यूरी म्हणजे आमची करंजी. दिवाळीची करंजी दीड-दोन महिन्यांनी नाताळात पुन्हा तळली जाते, एवढेच. कुलकुल हे शंकरपाळ्याच्या जातीचे. पिठाची गोळी काट्याच्या किंवा स्वच्छ फणीच्या पाठीवर दाबून वळवायची, म्हणजे शिंपल्यासारखी वळी पडते. मग तळून साखरेच्या पाकात घोळायची. हे काम एकट्या बाईचे नाही. घरची मुले, शेजारच्या बाया, सगळ्या मिळून घोळका करून बसतात. दोदोल नारळाच्या रसाचा आणि गुळाचा. तो घोटताना हात भरून येतो. फुगे म्हणून जो गोल, फुगलेला, तळलेला पावाचा प्रकार ईस्ट इंडियन घरांत होतो, त्याचे पीठ जुन्या पद्धतीत ताडीने आंबवीत. गव्हाचे पीठ आणि पाव पोर्तुगिजांकडचे, ताडी इकडच्या झाडाची. सामिष जेवणात इंदियाल, सारपातेल, बदकाचे मोइल. (या 'मोइल'चा आमच्या मॅंगनीजच्या 'मॉइल'शी काही संबंध नाही, पण खाणीवरच्या माणसाला तो शब्द ऐकून कान टवकारावेसे वाटतात, हे खरे.)

या जेवणाला जो मसाला लागतो त्याची हकीकत आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. ईस्ट इंडियन लोकांचा 'बाटलीचा मसाला' डिसेंबरात होत नाही. तो याच चैत्र-वैशाखात होतो. मिरच्या, धणे, हळकुंडे आणि इतर पुष्कळ जिन्नस कडक उन्हात वाळवावयाचे, एकेक भाजावयाचे, उखळात कुटावयाचे, चाळावयाचे आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरावयाचे. बाटली गडद अशासाठी की उजेडाने मसाल्याचा रंग-वास उडू नये. कुटणाऱ्या बायांच्या टोळ्या पूर्वी गावोगाव, घरोघर फिरत. लांब मुसळांनी तालावर कुटीत. म्हणजे नाताळच्या ताटातली चव ही वैशाखाच्या उन्हाची आणि त्या बायांच्या दंडांची. बर्फाच्या मुलखात हा मसाला वाळलाच नसता. आमची सभा चालू आहे या घटकेला साष्टीच्या कित्येक अंगणांत पुढच्या नाताळची तयारी उन्हात पसरलेली असेल.

घराबाहेर जी चांदणी टांगतात ती बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद यांची. आकाशकंदील करणाऱ्या हातांना ती नवी नाही. येशूजन्माचा गोठा मांडण्याची प्रथा युरोपातली. असिसीच्या संत फ्रान्सिसाने १२२३ साली ग्रेच्चो गावी असा देखावा केला, तेव्हापासून ती वाढली. पण इकडे त्या गोठ्याभोवती हिरवळ हवी म्हणून काही घरांत पंधरा दिवस आधी ताटलीत नाचणी किंवा गहू पेरतात. नवरात्रातले घट आणि आमच्याकडचे जवारा ज्यांनी पेरले आहेत त्यांस याहून अधिक सांगावयास नको.

भाषेविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण 'परका' हा आरोप बहुधा भाषेच्या बाजूने येतो. गोमंतकातही एक साष्टी आहे. तेथल्या रायतूर येथे १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. लेखक जन्माने इंग्रज, १५७९ साली गोव्यास आलेला. ग्रंथ मराठी ओवीत. अक्षरे मात्र रोमन, कारण त्या छापखान्यात नागरी टाइप नव्हता. बर्फ प्रत्यक्ष पाहिलेल्या या माणसाने ख्रिस्ताची कथा सांगताना येथल्या लोकांना त्यांच्याच पुराणांच्या ढंगात सांगितली. पुढे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना शतकानुशतके लॅटिनमध्येच राहिली. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती लोकभाषांत आली, आणि वसईच्या चर्चांतून मराठीचा आवाज वेदीवरून ऐकू येऊ लागला. तेथील 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे श्रोत्यांपैकी पुष्कळांस स्मरत असेल. २०२४ साली ते वारले.

याच दिब्रिटोंनी हरित वसईची चळवळ चालविली, आणि तेथे आमच्या विषयाचा कठीण भाग सुरू होतो. बागाईत, विहिरी, केळी, फुलमळे यांवर बांधकामवाल्यांची धाड पडली, टँकरने पाणी उपसून नेले जाऊ लागले, तेव्हा लोक रस्त्यावर आले. साष्टीत ती वेळ आधीच येऊन गेली होती. अंधेरीच्या पूर्वेस कोंडिवटे नावाचे गाव होते. तेथे १५७९ साली बांधलेले चर्च एकोणिसाव्या शतकात साथीच्या रोगानंतर ओस पडले व वस्ती मरोळकडे सरकली. त्या भागात १९७३ साली निर्यातीच्या मालाचे कारखाने असलेले 'सीप्झ' उभे राहिले. चर्चचे भग्नावशेष आता त्याच्या कुंपणाआड आहेत आणि वर्षातून एकदा, मे महिन्यात, तेथे प्रार्थनेस जाऊ देतात. सहार गावाचा काही भाग विमानतळाच्या पोटात गेला. आम्ही कारखान्यांच्या विरुद्ध नाही. कारखाना आणि खाण यांवर आमचे व आमच्या भाईबंदांचे पोट आहे. पण ज्या शेतातल्या लोंब्या आगेऱ्याला चर्चमध्ये जात, त्या शेतावर छपरे चढली, आणि आज तेथला माणूस सणाचा तांदूळ वाण्याकडून आणतो. अंगणच राहिले नाही तर मसाला वाळवावा कोठे? मग उरते दुकानातले तयार झाड आणि कापसाचे बर्फ. सणाचे रूप विलायती होत चालले अशी तक्रार जे करतात, त्यांनी जमिनीचे सातबारे एकदा चाळून पाहावेत.

आता समुद्र ओलांडून एका दुसऱ्या उष्ण बेटावर जाऊ, कारण तेथे मराठी माणूस आहे आणि तो मजूर म्हणून गेला आहे. मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी बंद झाली. उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबंद मजूर नेण्यास प्रारंभ झाला. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख माणसे पोर्ट लुईच्या घाटावर उतरली किंवा तेथून अन्य वसाहतींत गेली. तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्यांत मुंबई बंदरातून चढलेले कोकणातले व देशावरचे मराठी लोक होते. त्यांची नातवंडे-पणतवंडे आजही गणेशचतुर्थी करतात, आणि त्या दिवशी सबंध बेटाला सुटी असते.

या बेटावर 'बडा दिन' हे नाव मात्र अगदी तंतोतंत लागू पडते. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस, वीस अंशांवर. साष्टीत २५ डिसेंबरचा दिवस अकरा तासांचा, तर तेथे सव्वातेरा तासांच्या आसपास. लिची पिकलेली असते, बाहेर समुद्रकाठी सुरूच्या बनात कुटुंबेच्या कुटुंबे डबे घेऊन येतात. आणि गुलमोहर फुललेला असतो. हे झाड मूळचे शेजारच्याच मादागास्करचे. आमच्याकडे ते कामगारदिनाच्या सुमारास लाल होते, तिकडे नाताळास. तेथले ख्रिस्ती बहुसंख्य गुलामांच्या वंशातले, हिंदू बहुसंख्य करारबंद मजुरांच्या वंशातले. एकाच उसाच्या सरीत दोघांच्या पूर्वजांचा घाम जिरलेला. त्यामुळे शेजाऱ्याच्या नाताळाला हिंदू घरातही केक कापला जातो, याचे कोणास आश्चर्य वाटत नाही.

ऊसतोड तेथे साधारण जून-जुलैपासून डिसेंबरपर्यंत चालते. म्हणजे नाताळ येतो तो हंगाम संपताना. साष्टीत भात झाल्यावर येतो तसाच. आणि येथे एक गोष्ट आम्हांस, धंद्याने युनियनवाले असल्यामुळे, फार पसंत पडली. त्या देशाच्या २०१९ च्या कामगार-हक्कांच्या कायद्यात वर्षअखेरचा जादा पगार केव्हा द्यावयाचा हे लिहून ठेवले आहे: अपेक्षित रकमेचे ७५ टक्के २५ डिसेंबरपूर्वी निदान पाच कामाचे दिवस आधी, आणि बाकी वर्षाच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. कामगार हिंदू असो, मुसलमान असो की ख्रिस्ती, पैसे सर्वांना त्याच वेळी. आमच्याकडे बोनससाठी मुंबईचे गिरणी कामगार १९२४ साली संपावर गेले होते. कायदा व्हावयास १९६५ उजाडले. त्यात किमान बोनस पुढे ८.३३ टक्के झाला, म्हणजे बाराव्या भागाचा, सरळ एका महिन्याच्या पगाराचा हिशेब. पण कायद्याने मुदत घातली ती हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांची. सणाचे नाव त्यात नाही. मार्चअखेर वर्ष संपले तर आठ महिने नोव्हेंबरात पुरे होतात. दिवाळी तेवढ्यात येते म्हणून दिवाळीपूर्वी बोनस मागण्याचा आमचा रिवाज, आणि त्यासाठी दरसाल निदान एकदा तरी फाटकापाशी बसावे लागते.

पैशाइतकीच सणाला लागणारी दुसरी वस्तू म्हणजे सुटी. आठवड्याचा रविवार देखील आमच्या गिरणी कामगारांस फुकट मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुटी पदरात पडली. साहेबाचा तो चर्चचा वार, आमचा खंडोबाचा, वार एकच.

वार्षिक सुट्यांची यादी करणे हे मात्र आजही नाजूक काम आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सणांच्या आठ पगारी सुट्या सांगितल्या आहेत. चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवावयाच्या. खाणीचे नियम निराळे. पण याद्यांच्या बैठकांस आम्ही सर्व प्रकारच्या धंद्यांत बसलो आहोत आणि गणित सगळीकडे सारखेच निघते. बारा माणसांच्या ठिकाणी दहा हिंदू, एक बौद्ध, एक ख्रिस्ती. चार जागांत दिवाळी, गणपती, दसरा, होळी सहज बसतात. हात वर करून मत घेतले की पंचविसावी तारीख पडते, चौदा एप्रिलही पडते, आणि पाडणाऱ्यांच्या मनात वैर असते असेही नाही. त्यांना वाटते, एका माणसाने एक रजा टाकावी. त्यात काय मोठे? त्याच्या बायकोने मे महिन्यापासून मसाला कुटून ठेवला आहे, हे त्यांना ठाऊकच नसते.

इस्पितळांत आणि जेथे रात्रंदिवस पाळ्या चालतात अशा जागी कामगारांनी स्वतःच यावर तोड काढलेली आम्ही पाहिली आहे. ख्रिस्ती परिचारिका लक्ष्मीपूजनाची रात्र आपल्याकडे घेते. हिंदू परिचारिका २४ डिसेंबरची रात्रपाळी घेते. रजिस्टरात कोठे त्याची नोंद नसते, मुकादमाची किंवा मेट्रनची तोंडी संमती असते. आमचे म्हणणे एवढेच, की ही अदलाबदल तोंडी न ठेवता यादीच्या खाली लिहून घ्यावी: ज्याचा सण चारांत बसला नाही त्याने चारांपैकी एका दिवशी काम करून आपला दिवस पगारासह घ्यावा, आणि त्या बदलाबद्दल त्याची हजेरी कापली जाऊ नये. मालकाला यात एक पैसा जास्त पडत नाही. यादी करण्याची बैठक बहुधा डिसेंबरातच होते. तेव्हा साष्टीत पीठ भिजलेले असते, आणि त्या एका कामगारास उत्तर त्याच आठवड्यात हवे असते.